तारेखालची काठी

"पण थांबायचं कशापायी, वस्ताद?"

धैर्यशीलनं हे मान न वळवता विचारलं. कमरेच्या पट्ट्यात पस्तीस फुटांची काठी उभी असली की माणूस नाकासमोरच बघतो.

केरबा वस्ताद आमच्या पुढं होते. रस्त्याच्या मधोमध उभे राहून, कपाळावर हात धरून ते वर बघत होते.

वर तारा होत्या. तीन. आमच्यापासून पन्नासेक पावलांवर रस्त्यावरून आडव्या गेलेल्या, नव्याकोऱ्या. गेल्या चैत्रात त्या तिथं नव्हत्या.

"कसल्या रे ह्या?"

"लायनी हायत. विजेच्या."

"ते दिसतंय. कुनाच्या म्हंतो मी."

"असतील कुनाच्या तरी."

"असतील..." वस्ताद म्हणाले आणि पुन्हा वर बघू लागले.

दर चैत्रात आमच्या नांदोशीवाडीची काठी डोंगरावरच्या भैरोबाला जाते. बारा गावांच्या काठ्या येतात, पण पहिला मान आमचा. काठी एकानं कमरेवर पेलायची, आणि शेंड्याला बांधलेले चार दोर चौघांनी चार बाजूंनी ताणून तिचा तोल राखायचा. यंदा पेलणारा धैर्यशील. पुढचे दोर पिराजी आणि सुभान मुल्लाणीकडे, मागचा उजवा धैर्यशीलच्या धाकट्या भावाकडे, संग्रामकडे. मागचा डावा माझ्या हातात होता. तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

केरबा वस्तादांनी अठ्ठावीस वर्षं काठी पेलली. आता सत्तरी ओलांडल्यावर ते रिकाम्या हातानं पुढं चालतात. काठीचे नेम त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाहीत. त्यातला एक असा की काठी ज्याच्या कमरेला, शब्द त्याचा. तिथं वस्तादांचाही हुकूम चालत नाही.

दुसरा नेम त्याहून कडक. गावातून निघालेली काठी वाटेत उभी थांबली तर चालते, बूड जमिनीला टेकवलं तरी चालतं. आडवी मात्र ती देवाच्या दारातच व्हायची. वाटेत आडवी झालेली काठी बाकीच्या अकराही काठ्यांच्या मागं जाते आणि तिचा मान दुसऱ्या गावाला मिळतो. आमच्या गावावर ती वेळ कधी आली नव्हती.

धैर्यशीलनं बूड जमिनीला टेकवलं, घाम पुसला. आम्ही चौघांनी दोर ताणून धरले.

"वस्ताद, एकला पालखी निघतीया. माळेवाडीवाले पायथ्याला पोचले असतील. चला की."

"तारेखालनं कसा जानार?"

"तिरकी करतो. शेंडा तारेच्या दोन हात खालनं जाईल."

"दोन हात कुनी मोजलं?"

"डोळ्यानं दिसतंय की."

"आनि वारं सुटलं तर?"

"दोर हायती."

"आनि म्हादूला ठेच लागली तर?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. म्हादू म्हणजे मी. सकाळपासून दोनदा अडखळलो होतो, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

धैर्यशील हसला.

"लागली तर लागली. बांबू हाय ह्यो, वस्ताद. सुक्या लाकडातनं करंट जात न्हाई. पहिल्याच वर्षाला शिकवत्यात आमाला."

हे सांगायला हवं. धैर्यशील विजेचं काम शिकलेला आहे. आयटीआयचा दाखला आहे त्याच्याकडं. गावातल्या निम्म्या घरांचं फिटिंग त्याच्या हातचं आहे आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नाही.

"आस्सं?" वस्तादांचे डोळे मोठे झाले. "जातच न्हाई?"

"अजिबात न्हाई."

"मला ठावं नव्हतं बग."

ते थट्टा करत नव्हते. नवीन काही कळलं की वस्तादांचा चेहरा खरंच उजळतो. ते काठीजवळ आले. तिच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत, हात पोचेल तिथून, तळवा फिरवला. मग तो तळवा उघडून धैर्यशीलसमोर धरला.

तळव्यावर गुलालाचा चिखल होता.

"सकाळी हिला नदीवर न्हाऊ कुनी घातलं?"

"...मीच."

"वल्ली कापडं?"

"मीच गुंडाळली."

"वर कळस कशाचा हाय?"

"पितळंचा."

"आनि ह्ये दोर? ह्ये पन न्हालेत न्हवं?"

मी माझ्या हातातल्या दोराकडं पाहिलं. त्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं. इतका वेळ मला ते गार वाटत होतं, बरं वाटत होतं.

"तू सुकं म्हनालास म्हनून विचारलं," वस्ताद म्हणाले. "तुज्या शाळंत वल्ल्याचं काय शिकवत्यात?"

धैर्यशीलनं ओल्या कापडाकडं पाहिलं. पण माघार घेतली नाही.

"बरं, वल्ली तर वल्ली. लायन बंद हाय त्याचं काय? पंचायतीनं अर्ज दिलाय. धा ते दोन लाईट बंद. काठीसाठीच बंद केलीया."

"हां. ह्ये ब्येस केलं." वस्तादांनी मान डोलावली. "बंद झाली ह्ये तुला कसं कळलं?"

"घरातला फॅन थांबला."

"आनि?"

"पिठाची गिरन थांबली. समद्या गावानं बघितलंय, वस्ताद."

"ही तार गावात येती व्हय?"

धैर्यशीलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग पहिल्यांदा तारेकडं नीट पाहिलं. डावीकडून माळावरच्या खांबांवरून ती येत होती. रस्ता ओलांडून उजवीकडं, उतारानं नदीकडं जात होती. गाव आमच्या पाठीमागं होतं.

"गावात येत नसंल," तो म्हणाला. "पर बंद म्हंजे समदंच बंद असणार की."

"असणार..."

हलगीवाला वाजवायचा थांबला होता. मागची माणसं पुढं येऊन वर बघू लागली. कोणीतरी ओरडलं, "कावळा बसलाय बगा तारंवर! चालू असती तर बसला असता व्हय? बंद हाय, चला!"

"कावळ्याचं काय खरं न्हाई," धैर्यशील तिकडं न बघताच म्हणाला. "चालू तारंवर बी बसतो. एकाच तारंवर बसतो, जमिनीला त्याचा पाय नसतो, म्हनून त्याला काय हुत न्हाई."

हे बोलल्यावर त्यानं खाली स्वतःच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. काठीचा मान म्हणून आम्ही सगळेच अनवाणी होतो.

वस्तादांना मात्र या माहितीचा फारच आनंद झाला.

"म्हंजे बघून कळत न्हाई? चालू का बंद?"

"न्हाई."

"आवाज येत आसंल."

"येतोच असं न्हाई."

"वास?"

"न्हाई वो."

"म्हंजे चालू तार नि बंद तार, दिसायला दोनी सारख्याच?"

"अगदी सारख्या."

"मग तुला ही बंद कशी दिसली रं?"

धैर्यशीलचा कान लाल झाला. चारचौघांत असा प्रश्न म्हणजे थोबाडीतच की. पण वस्तादांच्या आवाजात टोचणी नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यामुळे ते जास्त लागत होतं.

"वस्ताद, उशीर हुतोय," तो म्हणाला.

"व्हय, हुतोय."

असं म्हणून ते रस्त्याच्या कडेला गेले. तिथं शेताचा पाट होता. उकिडवे बसून त्यांनी हातावरचा गुलाल धुतला. मग बराच वेळ तसेच बसून राहिले, पाण्यात बोटं बुडवून.

माणसं चुळबुळायला लागली. म्हातारा पाण्याशी खेळत बसलाय, आणि तिकडं माळेवाडी पुढं चाललीय.

वस्ताद उठले. ओंजळीत पाणी घेऊन आले. निम्मं वाटेतच सांडलं. उरलेलं त्यांनी धैर्यशीलच्या मोकळ्या हातात ओतलं.

"गार हाय न्हवं?"

"हाय."

"कुठलं पानी ह्ये?"

"नदीचं."

"नदी कुठं हाय?"

"खाली..."

"मग ह्ये वर कोन चढवतंय?"

धैर्यशील तळहातातल्या पाण्याकडं बघत राहिला. मग उजवीकडं, उताराच्या टोकाला पाहिलं. नदीकाठी पत्र्याची नवी खोली दिसत होती. उपशाच्या पंपाची. तिन्ही तारा तिथंच जात होत्या.

पाट भरून वाहत होता. ती मोटर आत्ता, या घटकेला, चालू होती.

धैर्यशीलनं हातातलं पाणी हळूच ओतून टाकलं. त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता. 

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि वायरमनला लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"गावची लायन बंद केलीया की," पलीकडून वायरमन म्हणाला. "निवांत न्या काठी."

"माळावरनं पंपाकडं जाती ती?"

"ती? तिचं मला कुनी सांगितलंच न्हाई! ती निराळी लायन हाय, चालू हाय ती! कुठं हाईसा तुमी?"

"तिच्याअलीकडं."

"अलीकडंच ऱ्हावा. उभी न्हाई तर तिरकी काठी घिऊन कुनी खाली जाऊ नका. टेकावी बी लागत न्हाई तिला, नुसती जवळ गेली तरी वढती. आईक, ती बंद करायची म्हंजे मला पलीकडं जायला लागतंय. बंद करून, दोनी अंगाला साखळ्या लावून जमिनीला जोडून, मी सोता येऊन सांगंपातूर ती चालूच समजा. दीड तास धर."

फोन बंद झाला.

दीड तास थांबलो तर पालखी निघून जाणार. नांदोशीवाडीची काठी नसताना पालखी निघाली असं कधी झालं नव्हतं. आडवी करून नेली तर पोचणार, पण शेवटून पहिली. मान गेला तो गेलाच.

आणि तिसरी वाटही होतीच. दोन हात खालून, तिरकी.

ती कोणीतरी बोलून दाखवणारच होतं.

"आरं दोन हात कमी हाय व्हय? वाकवून काढ बाहीर!"

"माळेवाडीवाले मिशीला पीळ देतील!"

"मढं न्यावं तशी आडवी न्यायची व्हय देवाची काठी?"

धैर्यशीलनं डोळे मिटले. त्या क्षणी मला त्याची फार दया आली. गर्विष्ठ होता, बढाईखोर होता, पण वर्षभर रोज पहाटे उठून त्यानं कमरेवर वाळूची पोती पेलली होती, या एका दिवसासाठी.

"वस्ताद, तुमी सांगा."

"काठी कुनाच्या कमरेला हाय?"

"माज्या."

"मग मी कोन सांगनार?"

"तुमी माज्या जागी असता तर?"

"न्हाई की मी तिथं."

काय हा माणूस! मला त्यांचा राग आला. एक शब्द बोलले असते तर पोरावरचं ओझं उतरलं असतं. पण ते शांतपणे उभे होते, पुढं काय होतंय ते बघायला आल्यासारखे.

तेवढ्यात मागून संग्राम ओरडला.

"दादा, काढ तू! मी धरतो घट्ट. काय हुत न्हाई!"

धैर्यशीलनं काठी एका हातात सांभाळत मान वळवली. भावाकडं पाहिलं. एकोणीस वर्षांचा संग्राम दोराला रेटून उभा होता, दोन्ही मुठी ओल्या, पाय चिखलात.

धैर्यशील त्याच्याकडं किती वेळ बघत होता कोण जाणे. मग त्यानं अगदी हळू विचारलं,

"वस्ताद... आडवी केली तर देवाला पोचती का वो काठी?"

वस्तादांनी विचार केला. खराखुरा विचार केला. दाढी खाजवली.

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "कवा केली न्हाई."

धैर्यशीलनं पट्ट्याच्या गाठीवर हात ठेवला.

"बघू या की," वस्ताद म्हणाले.

धैर्यशीलनं कमरेचा पट्टा सोडला.

"आडवी घ्या," तो म्हणाला.

मागं कोणीतरी हुंदका दिला. एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. हलगी गप्प, चांगभलंही कोणी म्हणेना.

"तारंकडं नगं," वस्ताद म्हणाले. "मागं पाडा, गावाकडं. म्हादू, दोर गोळा कर, लोंबू देऊ नगंस."

काठी गावाच्या दिशेनं हळूहळू खाली आली. तिचा कळस जमिनीच्या इतक्या जवळ मी वाटेत कधी पाहिला नव्हता. दोर गुंडाळून आम्ही काठीलाच बांधले. माणसं बाजूला सारली. मग आम्ही पाच जणांनी तिला गुडघ्याच्या उंचीवर उचललं आणि खाली माना घालून चालू लागलो.

तारेखाली आलो तेव्हा मी वर पाहिलं नाही. वरती काहीच आवाज नव्हता. मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

मध्येच माझ्या बाजूचं ओझं हलकं झालं. बघतो तर वस्तादांनी कळसाखाली हात घातला होता. काठी सोडल्यापासून इतक्या वर्षांत त्यांनी तिला असा हात दिला नव्हता.

पलीकडं पन्नास पावलं जाऊन आम्ही तिला पुन्हा उभी केली. हलगीवाल्याला वस्तादांनी तारेअलीकडंच ठेवलं.

"वायरमन येस्तवर हितंच उभा ऱ्हा. कुनी उसाची मोळी, शिडी, पाइप, काय बी उंच घिऊन आला तर त्याला आडव. वर बोट दाखव."

"आनि हलगी?"

"हलगी ऱ्हाऊ दे. बोट दाखव."

भैरोबाच्या दारात पोचलो तेव्हा पालखी निघायच्या बेतात होती. अकरा काठ्या ओळीनं उभ्या होत्या. पहिल्या जागेवर माळेवाडी. बातमी आमच्या आधी पोचली होती. त्यांच्यातला एकजण आम्हाला बघून मिशीला पीळ देत हसला, दुसऱ्यानं आडवा हात करून दाखवला.

धैर्यशील एरवी अंगावर धावून गेला असता. आज त्यानं पुजाऱ्यासमोर हात जोडले.

"वाटेत आडवी झाली," तो स्वतःच म्हणाला.

पुजाऱ्यानं ओळीच्या शेवटाकडं बोट केलं. तिथं, जिथं भाविकांच्या चपला काढलेल्या होत्या, आमची काठी बारावी उभी राहिली. पालखी अकरा काठ्यांसमोर थांबली आणि आमच्यासमोरून न थांबता पुढं गेली. शेवटच्या काठीसमोर ती थांबत नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. शेवटी उभं राहायची आमच्यावर कधी वेळच आली नव्हती.

गर्दी ओसरली. काठी आडवी करून देवाच्या पायरीला लावली. आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो.  सुभाननं पाण्याची बाटली फिरवली.

धैर्यशील वस्तादांच्या समोर येऊन बसला. त्याच्या कमरेवर पट्ट्याचा वळ उठला होता. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"वस्ताद."

"बोल."

"म्हनला हुता, बघू या. बघितलं. पालखी थांबली न्हाई." त्याचा आवाज चिरकला. "आता तरी सांगा. काठी देवाला पोचली का?"

वस्तादांनी आम्हा सगळ्यांकडं पाहिलं.

"दोर कुनाकुनाकडं हुतं?" त्यांनी विचारलं.

"...ह्या चौघांकडं."

"नावानं बोलीव."

धैर्यशीलला काही कळेना. पण त्यानं हाक मारली.

"पिराजी?"

"हाय."

"सुभान?"

"हाय की."

"म्हादू?"

"हाय," मी म्हणालो.

चौथं नाव घेण्याआधी तो भावाकडं वळला. 

"संग्राम..."

"काय दादा? हितंच तर हाय."

वस्तादांनी धैर्यशीलकडं बोट केलं.

"आनि पेलनारा?"

धैर्यशीलनं वर पाहिलं. 

"...हाय."

"मग पोचली."